अकरा कडूबाया

पडद्यावर एकच कडूबाई होती. सत्यभामेनं काचेवर बोट टेकवून ओळ पुन्हा वाचली. इंग्रजी अक्षरांत कडूबाई, पुढं भीमनगर, पुढं वरवंटा, आणि खाली लगेच कौसाबाई सुरू. हिरवी अक्षरं जागची हलेनात. कंप्युटरच्या खोलीत यायचं म्हणून चपला बाहेर काढलेल्या, थंड फरशीनं पावलं गारठलेली, आणि तरीही तिच्या कानशिलातून घाम निघाला. "हिच्या बाकीच्या बहिणी कुठं गेल्या, अप्पाराव?" अप्पाराव कारखान्याच्या कंप्युटर विभागाचे मुख्य, सज्जन माणूस, घाईत कधी बोलायचा नाही. त्यांनी चष्मा पुसला. "कुणाच्या बहिणी, ताई?" "कडूबायांच्या. अकरा दिल्या होत्या मी. मोजून अकरा." अप्पारावांनी खालची वर, वरची खाली करून पाहिलं. एकशे बारा बायांच्या नोंदी भरल्या होत्या, यंत्र म्हणत होतं ब्याण्णव. मंजुळाबाया सहाच्या एक झालेल्या, पारूबाया पाचच्या एक, सुगंधाबाई दोन होत्या त्यातली एक उरलेली, आणि कडूबायांचा तर पार धुव्वा. सत्यभामेला आधी हसूच आलं. अकरा बाया एका खुर्चीत बसवल्या तर काय गोंधळ होईल, हे तिच्या डोळ्यांपुढं आलं. मग तिला आठवलं की त्या अकरांतली एक तिची माय आहे, आणि मायच्या नावापुढं तवा असायला हवा होता, वरवंटा नव्हे.

खरं तर हे सगळं त्या तव्यापासूनच सुरू झालं होतं. अठ्ठ्याहत्तर साल. सत्यभामा अकरावीला, औरंगाबादच्या होस्टेलवर. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव मुंबईत झाला आणि इकडं खेड्यापाड्यांतून बौद्धवाडे पेटले. पेपरात गावांची नावं यायची, मुली घोळक्यानं वाचायच्या, आपलं गाव आलं का ते बघायच्या. आपलं गाव तसं पेपरात यायच्या लायकीचं नाही, कन्नड तालुक्यातले चाळीस उंबरे, अशी सत्यभामेनं मनाची समजूत घातली होती. आणि एका दुपारी माय होस्टेलच्या फाटकात उभी. आता गावाहून कुणाची आई आली की मुली काय विचारतात? तेच हिनं विचारलं. धावत गेली आणि सवयीनं तोंडातून निघालं, "माय, काय आणलंस?" म्हणजे लाडू का, शेंगा का. मायनं दोन्ही हात पदराखाली घेतले. मग म्हणाली, "तवा." "तवा? आन् त्यो कामून?" "शेजारच्या सुगंधाबाईच्या गाठोड्यात हाय," माय म्हणाली, आणि फाटकाच्या दगडावर बसली. तिथून पुढं वाडा जळाल्याचं सगळं कळलं. पण तो प्रश्न सत्यभामेला असा काही लागला म्हणता, की जिभेला चटका बसावा. बेअकलीनं विचारलेला प्रश्न. तो बेअकलीचा राहू नये म्हणून की काय, पुढं ती भेटेल त्या बाईला तोच विचारत सुटली. घर सोडताना काय उचललंस? बाया आधी टकामका बघायच्या, मग सांगायच्या, आणि सांगताना हसायच्या, हे विशेष. रडणं त्यांनी कधीच उरकलेलं असायचं. एकीनं जात्याची वरची पाळी डोक्यावर आणली होती, खालची राहिली. एकीनं बाबासाहेबांचा फोटो काढायच्या नादात शेजारचं कॅलेंडर काढून आणलं. एकीनं कोंबडी.

चिकलठाण्याच्या कारखान्यात टायपिस्टची नोकरी लागली आणि कागदाचा प्रश्न सुटला. विजेच्या मोटारी बनवणारा कारखाना. जुनी जॉबकार्डं, तळहाताएवढी, जाड, मागून कोरी, टोपल्यात पडलेली असायची. त्यांच्या पाठीवर ती लिहायची. एका बाईला एक चिठ्ठी. पुढच्या अंगाला स्टेटर, रोटर, बेअरिंग, मागच्या अंगाला पितळी चंबू. बिस्किटांच्या डब्यांतून त्या चिठ्ठ्या साठत गेल्या, आणि दर रविवारी दुपारी, या बाया येऊन वसल्या त्या भीमनगरच्या वाचनालयात त्यांच्यावरून भांडण ठरलेलं. वाचनालय म्हणजे पत्र्याची एक खोली आणि त्या खोलीचे मालक नसून मालकासारखे वागणारे नानासाहेब, रिटायर मास्तर. नानासाहेबांचा रजिस्टरवर जीव. "भामाबाई, सुट्या चिठ्ठ्या म्हणजे उधळलेली शेरडं. पंखा लावला की निघाली रानात. बांधलेल्या वहीतलं पान हलत नाही. जी आधी बोलली ती आधी, जी मागून बोलली ती मागून. हा न्याय." यावर ती म्हणायची, "आन् मागाहून कुणाला काही आठवलं तर, सर? लिहायचं कुठं? समासात?" "समास कशासाठी असतो मग!" चिठ्ठ्यांची मजा नानासाहेबांना कळायची नाही. चिठ्ठ्या सतरंजीवर मांडाव्यात, गावावारी लावाव्यात, की एक गाव दिसतं. मग मोडाव्यात आणि वस्तूंवारी लावाव्यात, की एक स्वयंपाकघर दिसतं. मग वाटेवारी लावाव्यात, पिशोरकडून आलेल्या इकडं, देवगाव रंगारीकडून आलेल्या तिकडं, की सतरंजीवर सगळा रस्ताच चालायला लागतो. त्याच चिठ्ठ्या, त्याच बाया. तिला वाटायचं, आपल्याला दुसरं काही येत नसेल, पण हे मांडणं येतं.

कोंबडीवरून तर दोन रविवार गेले. कोंबडी कशात घालायची? नानासाहेब म्हणाले जनावरांत. सत्यभामा म्हणाली, सर, ती वाटेत शिजवली, तिसऱ्या दिवशी. मग खाण्यात. पण उचलली तेव्हा जिवंत होती! "एका वस्तूला एकच खण," नानासाहेबांनी टेबलावर हात आपटला, "नाहीतर कपाट कशाला म्हणायचं?" सत्यभामेनं गुपचूप दुसरी चिठ्ठी लिहिली, एक इकडं टाकली, एक तिकडं, आणि दोन्हींवर बारीक अक्षरात लिहिलं, दुसरीकडंही बघा. हा तिचा शोध होता आणि त्याचा तिला चोरटा अभिमान होता. यंदा जानेवारीत नामविस्तार झाला, मराठवाडा हे नाव राहिलं आणि पुढं बाबासाहेबांचं लागलं, तेव्हा कॉलनीभर जिलेब्या वाटल्या गेल्या, ढोल वाजले, आणि त्या गलक्यात ती नानासाहेबांच्या कानाशी जाऊन म्हणाली, "बघा सर. सोळा वर्षं भांडून शेवटी सरकारनं बी दोन्ही चिठ्ठ्या ठेवल्या." नानासाहेब डोळे पुसत होते. डोळे पुसता पुसता म्हणाले, "गप बस, आगाऊ." आणि त्याच दिवशी ठरलं की येत्या चौदा एप्रिलला, जयंतीला, या नोंदींचं पुस्तक काढायचं. सगळ्या बाया मंडपात बसतील, एकेकीचं नाव पुकारलं जाईल, तिची ओळ वाचली जाईल. बायांना हे कळल्यापासून त्या नवीन लुगड्यांबद्दल बोलत होत्या.

पुस्तक म्हटल्यावर अप्पाराव आले. त्यांनी आपणहून सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत टाका सगळं कंप्युटरवर, ताई, मी खाने करून देतो. खाने चार. नाव पंधरा अक्षरं, ठिकाण पंधरा, वस्तू वीस, शेरा चाळीस. नानासाहेबांना वाचनालयात हे सांगितलं तर ते खवळले. "चाळीस अक्षरांत माणूस मावतो का हो? आणि ती तुमची फ्लॉपी, काळी चकती! माझ्याकडं मोडीतली दोन रजिस्टरं आहेत, वाचणारा माणूस मिळत नाही, पण निदान पान उलटता तरी येतं. उद्या तुमचं यंत्र बदललं, मग ही चकती काय कानाला लावून ऐकायची?" अप्पाराव शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे सर. म्हणून मी कुठल्या कंपनीच्या खास पद्धतीत ठेवणारच नाही. साधी अक्षरं, एका ओळीत एक बाई, मधे स्वल्पविराम. असली फाइल जगातल्या कुठल्याही यंत्रावर उघडते. तिला मोड नाही." "स्वल्पविराम!" नानासाहेब म्हणाले. "आणि बाईच्या बोलण्यातच स्वल्पविराम आला तर?" अप्पारावांनी खिशातली डायरी काढून ते लिहून घेतलं. त्या दिवसापासून नानासाहेबांचा त्यांच्यावर थोडा विश्वास बसला, आणि सत्यभामेला दोघांचं भांडण गाण्यासारखं गोड वाटायला लागलं. तिला वाटलं, आपल्या बायांच्या कोंबड्या-चंबूंसाठी दोन शहाणीसुरती माणसं एवढी जीव तोडून भांडतात, याहून मोठा मान कुठला.

आता त्या मानाचे बारा वाजलेले समोर दिसत होते. अप्पारावांना चूक पाच मिनिटांत सापडली, आणि ती त्यांनी मान खाली घालून सांगितली. हा प्रोग्राम त्यांनी कारखान्याच्या स्टोअरसाठी लिहिला होता. "आमच्याकडं एका नंबराचे दोन पार्ट नसतातच, ताई. तोच नंबर पुन्हा टाकला तर यंत्र समजतं, त्याच पार्टची नवी माहिती आली. जुनी पुसतं, नवी ठेवतं. इथं मी नंबराच्या जागी नाव आणि ठिकाण धरलं." म्हणजे दर नवी कडूबाई आली की यंत्र म्हणत होतं, अरे, ही तर आपलीच कडूबाई, हिचा आता चंबू नाही, वरवंटा. आता या यंत्राला कोण सांगणार की आमच्याकडं पोरं जगत नसली की पुढच्या पोरीचं नाव कडू ठेवतात, म्हणजे मरणानं तोंडात घातली तरी थुंकून टाकावी! आणि ज्या पोरी अशा थुंकलेल्या, त्याच चिवट निघतात, त्याच जळत्या वाड्यातून चालत येतात. कडूबाया जास्त असणारच. आडनाव लिहिलं असतं तर निभावलं असतं, पण आडनाव विचारलं की बाया म्हणायच्या, "त्ये कशाला? आडनाव त्या जाळनाऱ्यांला पाठ व्हतं." आणि ठिकाणाच्या खान्यात सगळ्यांनी एकच सांगितलं, भीमनगर. जुन्या गावाचं नाव चिठ्ठीवर चालायचं, पुस्तकात छापायला कुणालाच नको होतं. यंत्राची चूक नव्हती. अप्पारावांची तरी कशी म्हणायची. "जाऊ द्या, ताई," अप्पाराव म्हणाले, "चिठ्ठ्या आहेत ना. दोन दिवसांत पुन्हा भरू." तेव्हा मात्र सत्यभामा चपला घालायला दाराकडं धावली. चिठ्ठ्या तिनं रद्दीत घातल्या होत्या.

स्वतःच्या हातानं. कुणी सांगितलं नव्हतं. एका खोलीचं घर, डब्यांवर डबे, माय येता-जाता ठेचकाळायची, आणि आठ दिवसांमागं चकती हातात आल्यावर हिला असं काही हलकं वाटलं की जुन्या पेपरांबरोबर चिठ्ठ्यांची पिशवीही शहागंजातल्या रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवून आली. वर पुन्हा ऐटीत. आता आपण कंप्युटरवाल्या! अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती शहागंजात पोचली तेव्हा रद्दीवाल्यानं हात झटकले. जाड कागद होता, तो पुड्यावाल्यांनी कधीच उचलला. झालं. घड्याळाच्या मनोऱ्यापासून भाजीबाजारापर्यंत जितके शेंगदाणे, फुटाणे, चुरमुरेवाले होते तितक्यांकडून सत्यभामेनं पुड्या घेतल्या आणि उभ्या उभ्या सोडल्या. एक गाडीवाला चाचा बघत होता. "कागज कायकू देखते बाई, दाने देखो दाने." "दाने नक्को चाचा, कागजच होना," ती म्हणाली, आणि दोघंही हसले. चाचानं मग आपला गठ्ठाच पुढं केला, आजूबाजूच्या दोघांना हाका मारून त्यांचेही मागवले. त्यात कौसाबाईचा कंदील सापडला. एक मंजुळाबाई सापडली, कोपऱ्यावर तेलाचा डाग. स्टेटर-रोटरच्या पाठीवर आपलं अक्षर बघून तिला हुंदकाच आला, आणि तोंडात फुटाणे असल्यामुळं ठसका लागला. कडूबाई एकही नाही. रिक्षात बसताना तिच्या मांडीवर एवढे दाणे होते की रिक्षावाल्यानं विचारलं, दुकान काढलंय काय.

घरी जाऊन तिनं मायला सांगितलं. माय निवडत बसली होती. सत्यभामेला वाटलं होतं, ती बोलेल, निदान अरेरे म्हणेल. सोळा वर्षांची मेहनत पोरीनं पुड्यांत घातली. पण माय उलट खुदकन हसली. "बरं झालं," म्हणाली. "बरं काय माय? तुझी बी गेली. तवा गेला तुझा." "जाऊ दे." "जाऊ दे काय! मला पाठ हाय म्हना, मी लिहिनच." "नको लिवू," माय म्हणाली, आणि पाखडायला लागली. सत्यभामेला राग आला. या तव्यावर ती सोळा वर्षं भाकरी खात होती. कुणी पाहुणा आला की ती भाकरी वाढताना सांगायची, हा तवा जळत्या घरातून आलेला आहे बरं का. कारखान्यातल्या मैत्रिणींना सांगितलं होतं, अप्पारावांनाही सांगितलं होतं. तिच्या लेखी पुस्तकाची पहिली ओळ तीच होती. आणि माय म्हणते नको लिवू. रात्री त्याच तव्यावरची भाकरी दोघींनी खाल्ली. माणूस म्हातारं झालं की असंच करतं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली, पण ती काही पटेना.

रविवारी दुपारी अकरा कडूबाया वाचनालयात आल्या. बाकीच्या बाया पुढच्या रविवारी, आधी ज्यांच्यावर यंत्राची मेहेरबानी झाली त्या, असं नानासाहेबांनी ठरवलं होतं. ते रजिस्टर उघडून बसले होते, शाईचा पेन, समास आखलेला. अप्पाराव नवे खाने आखून घेऊन आले होते. आता प्रत्येकीला आधी नंबर, नाव मागून. सत्यभामेच्या हातात कोऱ्या चिठ्ठ्या. या खेपेला तिन्हीकडं लिहायचं, यावर तिघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. मधे परातीत शहागंजातले दाणे. कडूबायांना झालेला प्रकार कळल्यावर त्यांच्यात जो हशा उसळला, त्यानं पत्रे वाजले. "म्हंजी आमी अकराजनी एकच?" "मंग नवरे बी अकरा एकीलाच का वं?" "घे माय, समदे तूच घे!" नानासाहेबांनी कानांवर हात ठेवले आणि हसू दाबायला खोकले. मग एकेक सांगायला लागली, आणि सत्यभामा बघतच राहिली. कारण त्या तेच सांगत नव्हत्या. जिनं पूर्वी पितळी चंबू सांगितला होता ती आता म्हणाली, चंबू व्हय, पन त्यात पानी बी व्हतं, रस्ताभर सांडू दिलं नाय. जिचा वरवंटा होता ती म्हणाली, वरवंटा कशाला आनला सांगू का, कुनी आंगावर आला तर डोक्यात घालायला. "पयल्या वक्ताला हे का नाही सांगितलं?" "तव्हा ईद्यापीठाला नाव कुठं भेटलं व्हतं? तव्हा भ्या व्हतं. आता काय हाय!" नानासाहेबांचा पेन समासात चालला होता, मग पानाच्या खाली, मग आडवा. ते कुरकुरत नव्हते. अप्पारावांनी चाळीस अक्षरांचा खाना खोडून त्यापुढं लिहिलं, हवी तितकी.

शेवटी माय राहिली. ती दाराजवळ बसली होती, पदर डोक्यावर नीट घेऊन. सत्यभामेनं चिठ्ठीवर आधीच लिहून ठेवलं होतं, कडूबाई, तवा. नुसतं विचारायचं म्हणून तिनं विचारलं, "हं माय. काय उचललंस?" मायनं बाकीच्या दहा जणींकडं बघून घेतलं. मग म्हणाली, "तवा न्हाय." मग तिनंच पुढं सांगितलं, "तवा म्या मागून घेतला. इथंच, शहागंजात, भंगारातून. तू इचारलंस ना फाटकात, काय आनलंस म्हनून. सुगंधाबाईनं पातेलं आनलेलं, हिनं चंबू, तिनं वरवंटा. मंग म्या काय सांगू? तू शिकलेली पोरगी, हौसंनं इचारलंस. म्हनलं, तवा." सत्यभामेच्या हातातली चिठ्ठी तशीच राहिली. सोळा वर्षांच्या भाकरी तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. "मंग काय आनलंस गं?" तिनं विचारलं. मायनं दोन्ही हात पदरातून बाहेर काढले आणि समोर धरले, उताणे. "भाकरी करत व्हते. पीठ मळत व्हते. तेवढ्यात वरडा झाला. दोनी हात कोपरापातूर भरल्याले, काय धरनार? तशीच निगाले. बाया म्हनल्या, देवगावच्या ष्टँडवर नळ हाय, धू. म्या नाय धुतलं. वाळून कडक झालं तरी नाय धुतलं. वाटलं, ह्ये धुतलं की घर सपलं. तुझ्या होष्टेलच्या नळावर धुतलं. तू माझ्यासाटी च्या आनाया गेलतीस, तव्हा."

मग वरवंटेवाली कडूबाई पुढं सरकली आणि मायचे ते उताणे हात तिनं आपल्या हातांत घेतले, आणि म्हणाली, "येडी गं येडी. ह्ये लपवायचं असतंय व्हय?" माय हसली, सोळा वर्षांनी हलकी झालेली हसली, आणि हसताना रडली, आणि सत्यभामा तर दोन्ही एकदमच करत होती. नानासाहेबांनी चष्मा काढून ठेवला होता. अप्पारावांनी हळूच विचारलं, "वस्तूच्या खान्यात काय घालू, ताई?" तिनं हातातल्या चिठ्ठीवरचा तवा खोडला आणि नवीन चिठ्ठी घेतली. कडूबाई, भीमनगर. पुढं लिहिलं, हाताला लागलेलं पीठ. लिहिलेलं तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. माय लक्ष देऊन ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं मान हलवली.

"नुसतं पीठ नको लिवू," माय म्हणाली. "ज्वारीचं लिव."